ग्रीन कॉरिडॉरनंतरचं नागपूर

चौकाचौकांत पोलीस, थांबलेली रहदारी आणि मधून दान केलेला अवयव घेऊन सुसाट जाणारी ॲम्ब्युलन्स. ग्रीन कॉरिडॉर नागपूरकरांना आता नवा नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. ज्याला किडनी मिळाली, त्याची पुढची वर्षं मात्र कोणी छापत नाही.

तो भेटतो धंतोली-रामदासपेठेत, नागपूरच्या दवाखान्यांच्या भागात, फॉलोअपच्या रांगेत. चंद्रपूर, गडचिरोली, छिंदवाड्याहून आलेला. पिशवीत जाडजूड फाइल आणि गोळ्या: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून धरतात, मुख्यतः टी पेशी, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. आणि नेमक्या याच पेशी अंगात दडलेल्या जुन्या विषाणूंवर पहारा देत असतात.

एपस्टाइन-बार हा असाच एक विषाणू. 1964 मध्ये सापडलेला. दहातल्या नऊहून अधिक प्रौढांच्या बी पेशींत (याही पांढऱ्या पेशीच) तो मुक्कामाला असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. पहारा ढिला पडला की या बी पेशी बेसुमार वाढू शकतात. त्यातून लिम्फोमा, म्हणजे या पेशींचा कॅन्सर होतो, कधीकधी थेट मेंदूत. ज्या मुलाला हा संसर्ग आधी झालेलाच नाही आणि दात्याला झालेला आहे, त्याला धोका जास्त.

गाठ, ताप, घटतं वजन म्हटलं की विदर्भात आधी टीबी आठवतो. चूक नाही, या रुग्णांना टीबीही होतोच. पण अंदाजावर औषध सुरू करून महिने घालवण्यापेक्षा गाठीची बायोप्सी केलेली बरी.

अंगात दडून राहणारा दुसरा विषाणू जेसी. त्याची चाल वेगळी. तो मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण बनवणाऱ्या पेशी मारतो. ताप बहुधा नसतोच. एक हात जड पडतो, नजर अर्धी होते, घरातलं कुणी म्हणतं, ‘बाबा शब्द विसरून राह्यले.’ मग एमआरआय, पाठीच्या पाण्याची पीसीआर तपासणी. टॅक्रोलिमसमुळेही हात थरथरतात, झटके येऊ शकतात. त्यामुळे निदान घाईचं काम नव्हे.

जेसीवर खात्रीचं औषध आजही नाही. लिम्फोमात बी पेशींवर मारा करणारं रिटुक्सिमॅब आहे, केमोथेरपी आहे. दोन्हींत पहिलं पाऊल मात्र सारखंच: प्रतिकारशक्ती दाबणारे डोस कमी करणं. एवढ्यानंच काही गाठी विरतात, हे अमेरिकन ट्रान्सप्लांट सर्जन थॉमस स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्येच दाखवलं होतं. पण डोस फार उतरवला तर अवयव जातो. किडनी गेली तर किमान डायलिसिस आहे. हृदयाचं, लिव्हरचं तसं नाही. म्हणून हा हिशेब ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनीच मांडायचा, घरच्या घरी गोळी बंद करायची नाही.

आणि रात्री-अपरात्री गावाजवळच्या दवाखान्यात न्यावं लागलंच, तर लक्षणं सांगण्याआधी सांगायचं: पेशंटचं ट्रान्सप्लांट झालेलं आहे, हे गोळ्यांचं पाकीट. ड्युटीवरच्या डॉक्टरांचे पुढचे सगळे प्रश्न त्यानं बदलतात.