दोन्ही टोके आपलीच असतात तेव्हा

मित्रहो, ऑगस्ट महिन्यात सांगलीत ओळखीची दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ‘पाणी किती फुटांवर आहे?’ हाच असतो, हे तुम्हाला सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ साली पूर पाहिलेल्या या गावात आयर्विन पुलाजवळची चाळीस फुटांची इशारा पातळी आणि पंचेचाळीस फुटांची धोका पातळी शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. हा आकडा बदलताक्षणी लोकांच्या मोबाइलवर दिसावा, यासाठी आम्ही तिघांनी हौसेने वेबसॉकेटचे एक छोटे मॉड्यूल लिहिले होते. त्यात आकडा पाठवणारा सर्व्हरही आमचा आणि तो घेणारा क्लायंटही आमचाच होता. आज मी बोलणार आहे ते त्या मॉड्यूलची चाचणी घेताना आमची जी फजिती झाली तिच्याविषयी.

वेबसॉकेटचे मूळ तत्त्व तुम्हाला माहीत आहेच. ब्राउझरने दर पाच सेकंदांनी ‘काही नवीन आहे का?’ असे विचारत बसण्याऐवजी एकदाच साध्या एचटीटीपी विनंतीने दार ठोठवायचे, सर्व्हरने १०१ क्रमांकाचे उत्तर देऊन होकार कळवायचा आणि त्यानंतर तेच टीसीपी कनेक्शन दोन्ही बाजूंनी बोलण्यासाठी उघडे ठेवायचे, असा हा करार आहे. डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६४५५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात तो लिहिलेला आहे. हँडशेकचा, म्हणजे या दार ठोठावण्याचा आणि होकाराचा, भाग कोणत्याही लायब्ररीत तयार मिळतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

आमची फजिती झाली ती त्याच्या पुढे, फ्रेममध्ये, म्हणजे संदेश ज्या पाकिटातून जातो त्यात. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला मजकुराची लांबी लिहायची असते. ती १२५ बाइटपर्यंत असेल तर सात बिटांत मावते. त्याहून जास्त असेल तर त्या जागी १२६ हा खुणेचा आकडा लिहून खरी लांबी पुढच्या दोन बाइटमध्ये, मोठा बाइट आधी या क्रमाने द्यायची असते. (मजकूर ६५,५३५ बाइटच्याही पुढे गेला तर आठ बाइट लागतात, पण पाण्याच्या आकड्याला तेवढे कोण लिहिणार?) आमच्याकडून हे दोन बाइट उलट क्रमाने लिहिले गेले होते. गंमत अशी की क्लायंटही आम्हीच लिहिलेला असल्यामुळे तो ते उलट क्रमानेच वाचत होता. परिणामी आमच्या सगळ्या टेस्ट पास होत होत्या.

इंग्रजीतले छोटे संदेश ब्राउझरमध्येही नीट दिसत होते. मग एके दिवशी आम्ही मराठी संदेश पाठवला: ‘आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर, सावध राहावे.’ यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार यांची गणना स्वतंत्र होते. या वाक्यात अशी चाळीस चिन्हे आहेत, म्हणजे १२० बाइट झाले. सहा मोकळ्या जागा, एक स्वल्पविराम आणि एक पूर्णविराम धरून बेरीज १२८. आम्ही १२५ ची हद्द ओलांडली होती. बाइट उलटे लिहिल्यामुळे ब्राउझरने १२८ ऐवजी ३२,७६८ अशी लांबी वाचली आणि तो उरलेल्या बाइटची वाट पाहत गप्प बसून राहिला. त्यानंतर पाठवलेले संदेशही तो त्या पहिल्याच संदेशाचे राहिलेले अंग समजून गिळत होता. कनेक्शन तुटले नाही, लॉगमध्ये एकही चूक उमटली नाही, फक्त पडद्यावरचा आकडा थिजला. पुराच्या दिवसांत थिजलेला आकडा चुकीच्या आकड्यापेक्षा वाईट, कारण त्याच्याकडे पाहून माणूस निर्धास्त होतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, सर्व्हर आणि क्लायंट एकाच हाताने लिहिले असतील तर त्यांची एकमेकांकडून घेतलेली चाचणी म्हणजे आपला पेपर आपणच तपासण्यासारखे आहे. आपला सर्व्हर ब्राउझरकडून आणि दुसऱ्या कोणाच्या तरी क्लायंटकडून तपासून घ्यावा, आपला क्लायंट परक्या सर्व्हरला जोडून पाहावा. ऑटोबान टेस्टसूट नावाचा तयार चाचणीसंच याच कामासाठी आहे. शिवाय अपेक्षित बाइट हाताने लिहून ठेवून त्यांच्याशी ताडणारी एक तरी टेस्ट असावी, आणि ती १२५ व १२६ या दोन्ही लांबींवर चालवावी. मराठीपुरती आणखी एक टेस्ट मी सुचवेन. ‘ळ’ हे अक्षर तीन बाइटचे आहे. संदेशाचे दोन तुकडे करताना नेमका दुसऱ्या आणि तिसऱ्या बाइटच्या मध्ये छेद द्यावा. मजकुराची वैधता संपूर्ण संदेशाची पाहायची असते, पण घाईत लिहिलेला सर्व्हर प्रत्येक तुकडा वेगळा तपासतो आणि चांगला संदेश नाकारतो.

राहिला प्रश्न मुक्या, म्हणजे निरोप न देता होणाऱ्या, तुटण्याचा. टेस्टमध्ये क्लायंटची प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारून ‘कनेक्शन तुटल्याचे सर्व्हरला कळते’ असे सिद्ध करणारे पुष्कळ आहेत. पण प्रोसेस मेली तरी ऑपरेटिंग सिस्टिम समोरच्याला निरोप देते. प्रत्यक्षात माणूस घरच्या वायफायमधून बाहेर पडतो, तेव्हा निरोप द्यायला कोणीच उरत नाही. म्हणून चाचणीत प्रोसेस न मारता मधली वाटच अडवावी, पॅकेट गाळून टाकावीत, आणि ठरलेल्या वेळात पिंगला (‘आहेस का?’ या हाकेला) पाँग (‘आहे’ हे उत्तर) न आल्यास सर्व्हर ती जागा मोकळी करतो का, हे पाहावे. मध्ये एनजिनएक्स (विनंत्या पुढे पोचवणारा मध्यस्थ सर्व्हर) असेल तर त्याची वाचनमर्यादा मुळात ६० सेकंदांची असते, तेव्हा पिंग त्याच्या आत, साधारण तीस सेकंदांनी जायला हवा.

आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर काय होते, हेही चालवून पाहा. शिवारात लाइट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी उडतो, तसेच हजार क्लायंट एकाच सेकंदाला परत जोडायला धावले तर नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा झोपतो. प्रत्येक क्लायंटने थांबायचा वेळ थोडा वेगवेगळा, यादृच्छिक ठेवावा आणि दर अपयशानंतर तो वाढवत न्यावा. जोडल्यावर त्याने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे आपल्याकडच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक सर्व्हरला सांगायची. मधल्या वेळात पाणी दोन फूट चढले असेल, तर ते त्याला तिथेच कळते.