खांदा बसला, पुढे काय?

(कबड्डी दिनाच्या कार्यक्रमात एका क्रीडाशिक्षिकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी, पालक, आणि मैदानावरून थेट इथे आलेल्या माझ्या मुलींनो,

15 जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस. या दिवशी चढाया आणि पकडी यांवर बोलायची आपली पद्धत आहे. मला खांद्यावर बोलायचंय. विषयही मी तसाच कळवला होता: वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी भरवशाचा वैद्यकीय सल्ला कसा मिळवायचा. मी डॉक्टर नाही. शाळेत खेळ शिकवते, आणि खांदा धरून बसलेल्या मुलींबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर पुष्कळ बसले आहे. तिथे बसून जे कळलं ते सांगते.

आधी एक विचारते. इथे किती जणांचा खांदा एकदा तरी उतरलाय? हात वर करा. तो नको, दुसरा! बघा, मागच्या दोन रांगांत किती हात आहेत. आता यांपैकी ज्यांच्याकडे खांदा उतरलेला असतानाचा एक्स-रे आहे, त्यांनीच हात वर ठेवा. एक... दोन. बाकीचे सगळे खाली आले. माझं सगळं भाषण या खाली आलेल्या हातांबद्दल आहे.

आमच्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, ओळखीचे ओळखतील. चढाईला गेली की समोरच्या साखळीला घाम फुटायचा. जिल्ह्याच्या एका सामन्यात तिने बोनस घेतला आणि परतताना कोपरारक्षकाने घोटा धरला, दुसरीने कंबर. ती पडली ती मध्यरेषेकडे उजवा हात पूर्ण ताणून. रेषा चार बोटं राहिली होती. हात डोक्याच्या बाजूला वर, तळवा बाहेर वळलेला, आणि त्याच क्षणी तिसरी मुलगी तिच्या कोपरावर आली. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तो नेमका या अवस्थेत. निखळलेल्या खांद्यांपैकी शेकडा 95 हून अधिक पुढेच निखळतात. मी धावत गेले तेव्हा ती उठून बसली होती, डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरलेलं. खांद्याची गोलाई गेलेली, वर हाडाचा कोपरा टोचल्यासारखा दिसत होता आणि त्याच्याखाली खळगा. रडत नव्हती. ‘बाई, रेषा लागली का?’ एवढंच विचारत होती.

मी ओढणी काढून झोळी बांधेपर्यंत गर्दीतून एक गृहस्थ आले. ‘बाजूला व्हा, मी बसवतो.’ मी नको नको म्हणत असताना काखेत पाय लावून त्यांनी हात ओढला. टक् असा आवाज आला, खांदा बसला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. त्या हाडाला आधीच चीर गेली असती तर? काखेतून जाणारी नस टाचेखाली दबली असती तर? कुणी विचारलं नाही. वेदना थांबली आणि सगळ्यांच्या लेखी विषय संपला. घरच्यांनी हाडवैद्याकडून लेप आणि पट्टी करून घेतली आणि दहाव्या दिवशी ती सरावाला हजर.

ही काखेत टाच लावायची रीत ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळापासूनची आहे. म्हणजे सुमारे 2400 वर्षांची. त्याच्या ग्रंथात पुन्हापुन्हा उतरणाऱ्या खांद्यावरचा इलाजही आहे: तापलेल्या लोखंडाने काखेत डाग द्यायचा, म्हणजे व्रण आखडेल आणि खांदा बाहेर येणार नाही. तुमचे चेहरे बघून कळतंय, पण मी हे उगाच सांगत नाही. नुसतं बसवून भागत नाही, आतलं काहीतरी सैल राहतं, एवढं त्या माणसालाही ठाऊक होतं. आपल्या मैदानांवर ते अजून पोचलेलं नाही.

आत काय होतं ते थोडक्यात. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खोबण उथळ. बशीत लिंबू ठेवावं तसं. म्हणूनच हा सांधा शरीरात सगळ्यात जास्त फिरतो आणि सगळ्यात जास्त निखळतोही. खोबणीच्या कडेने कुर्चेचा एक पट्टा असतो, तो तिला थोडी खोली देतो. गोळा पुढे निसटतो तेव्हा बहुधा हा पट्टा पुढून उखडतो. लंडनच्या बँकार्ट नावाच्या सर्जननी 1923 मध्ये हे लिहून ठेवलं. म्हणून हाडांचे डॉक्टर आजही या इजेला ‘बँकार्ट’ म्हणतात. तरुण वयात तो पट्टा नीट जागेवर चिकटत नाही, म्हणून एकदा उतरलेला खांदा पुन्हा उतरतो. विशीच्या आतल्या खेळाडूंपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त जणांचा. शिवाय गोळा खोबणीच्या कडेवर आपटून त्याला मागून खोक पडते. ती हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी 1940 मध्ये दाखवली. दर वेळी खोबणीची पुढची कडही झिजत जाते. प्रत्येक ‘बसवला’ मागे ही झीज असते.

आमच्या मुलीचा खांदा दुसऱ्यांदा सरावात उतरला. तिसऱ्यांदा रात्री झोपेत, कूस बदलताना. आई उठून बसली आणि मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, कबड्डी सोड. दुसरे म्हणाले, जिमला जा, स्नायू घट्ट झाले की बसेल. तिसऱ्यांनी खांद्याला हातही न लावता ऑपरेशनची तारीख दिली. मावशीने सांगितलं, लग्नाआधी खांद्यावर व्रण नको. शेजारच्या काकांच्या खांद्याला मालिशने गुण आला होता. आता ते काका पंचावन्नचे, घसरून पडलेले, आणि ही अठरा वर्षांची चढाईपटू! चाळिशीनंतर खांदा उतरला तर पट्ट्यापेक्षा स्नायूंच्या दोऱ्या फाटण्याची भीती जास्त असते. तिथे डॉक्टर वेगळं शोधतात, उपचारही वेगळा. काकांचा इलाज या मुलीला लागू पडणारच नव्हता. तरी घरात तीन महिने मालिश चालली.

माझी तक्रार सल्ल्यांच्या संख्येबद्दल नाही. यांपैकी कुणीही तिला विचारलं नाही की खांदा कितीदा उतरला, हात कुठे असताना उतरला, आपोआप बसतो की बसवावा लागतो. वय विचारलं ते केसपेपरवर लिहायला.

शेवटी तिला एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नेलं. रांग मोठी, पंखा बंद. पण तिथले डॉक्टर नीट बघणारे होते. आधी म्हणाले, अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकव. टेकला. करंगळी मागे वळव. वळली. कोपर, गुडघे, आणि शेवटी पाय सरळ ठेवून तळवे जमिनीला. या तपासणीचे नऊ गुण असतात आणि हिचे जवळजवळ सगळे आले. आम्ही ज्या लवचिकपणाचं वर्षानुवर्षं कौतुक केलं, तो सैल सांध्यांचा होता. मग तिला खाटेवर झोपवलं, हात बाजूला नेला, कोपरातून वाकवला आणि अगदी सावकाश मागे वळवायला लागले. त्यांची नजर खांद्यावर नव्हती, तिच्या चेहऱ्यावर होती. एका कोनात तिचे डोळे मोठे झाले आणि तिने हात आखडून घेतला. डॉक्टर लगेच थांबले. म्हणाले, ‘दुखलं म्हणून नाही ना, निसटेल असं वाटलं म्हणून?’ ती हो म्हणाली. मग त्यांनी विचारलं, ‘निखळलेला असतानाची फिल्म आहे?’ आमच्याकडे एकही नव्हती. सगळ्या वेळी ‘बसवून’ झालेलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं राहिलीत. ज्यासाठी बोलावलं ते आता भरभर सांगते.

मैदानावर खांदा उतरला तर ओढू नका, कुणाला ओढू देऊ नका. हात आहे त्याच स्थितीत झोळीत बांधा, बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शाळेचा बिल्ला शिवतो तिथे, बोट फिरवून बधिर आहे का विचारा आणि डॉक्टरांना सांगा. तिथल्या नसेला इजा झालेली असू शकते. हात गार किंवा निळा पडत असेल तर मिनिटही घालवू नका. बसवण्याआधी आणि बसवल्यावर, दोन्ही वेळा एक्स-रे. आणि फिट येऊन किंवा विजेचा झटका बसून खांदा धरला असेल तर ते आवर्जून सांगा. तेव्हा तो मागे निखळलेला असू शकतो आणि समोरून काढलेल्या एका फिल्ममध्ये ते सहज नजरेतून सुटतं.

सल्ला कुणाचा घ्यायचा? खांद्याचं काम नेहमी करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांचा. आपल्या भागात मिरजेचं सरकारी रुग्णालय आहे, कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आहे. तिथल्या अस्थिरोग विभागापासून सुरुवात करता येते. जो डॉक्टर हात लावून तपासतो आणि तुमचा खेळ विचारतो, त्याचं ऐका. एमआरआय सांगितला तर पट्टा बघायला, सीटी सांगितला तर हाड किती झिजलं ते मोजायला. कशासाठी ते विचारून घ्या. कागद मागायला लाजू नका. रुग्णाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात, नियम 2002 पासूनचा आहे. ते घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान नाही.

ऑपरेशन करायचं का, कोणतं? 2007 साली बाल्ग आणि ब्वालो या सर्जननी, पट्टा शिवल्यावर खांदा पुन्हा उतरण्याचा धोका जोखायला, दहा गुणांची एक पद्धत मांडली. वय 20 किंवा त्याखाली, दोन गुण. स्पर्धेत खेळते, दोन. अंगाला भिडणारा खेळ, एक. सैल सांधे, एक. एक्स-रेमध्ये गोळ्याची खोक दिसली तर दोन, खोबणीची कड गेलेली दिसली तर आणखी दोन. आमच्या मुलीचे फिल्म बघायच्या आधीच सहा झाले! सहाच्या वर गेलं की दुर्बिणीतून नुसता पट्टा शिवणं पुरेल असा भरवसा राहत नाही. तिच्या खोबणीची कड झिजलेली निघाली, म्हणून लाटार्जे नावाचं, 1954 पासूनचं ऑपरेशन झालं. शेजारच्या हाडाचा तुकडा स्नायूंसकट खोबणीच्या पुढे स्क्रूने बसवतात. ही आकडेमोड घरी करून निर्णय घेऊ नका, डॉक्टरांपुढे ठेवा. सगळ्यांनाच चाकू लागतो असंही नाही. सांधे सैल असून जोराचा मार न लागता खांदा सगळ्याच दिशांना सरकत असेल, तर आधी कित्येक महिने फिजिओथेरपी करतात, आणि ती नेटाने केली तर बऱ्याच जणांना पुरते.

व्यायामाबद्दल पालकांना एक सांगते. रबरी पट्टा बांधून कोपर अंगाशी ठेवून हात आत-बाहेर करणं हे बघायला काहीच वाटत नाही, पण मुली तेच टाळतात. समोर बसून करून घ्या. आणि ऑपरेशननंतर भिडायच्या खेळात उतरायला साधारण सहा महिने, कधी जास्त. ती तारीख सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. मंडळाच्या सचिवांनी, माझी हात जोडून विनंती आहे, स्पर्धेचं वेळापत्रक दाखवून ती अलीकडे आणू नये. आमची मुलगी सध्या एकटीने पळते, पट्टा ओढते. पकडीच्या सरावाला अजून परवानगी नाही, आणि मी तिला चटईवर घेतलेलं नाही.

झालं, अध्यक्ष महोदय, थांबते. ज्यांचे हात मघाशी खाली आले त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. खांदा कधी, कसा आणि कितीदा उतरला, ते आज एका कागदावर लिहून काढू. वह्या मी आणल्या आहेत.