मियाटाचा इंधनदाब: गेजवरचा आकडा कसा वाचायचा

गाडी वरच्या आरपीएमला मिसिंग मारते. इंधनाच्या दाबाचं गेज लावून पाहिलं तर आयडलला (गाडी उभी, पाय न देता इंजिन चालू) दाब पुस्तकात दिलाय तसाच. मग इंधनाचा विषय तिथेच बंद होतो आणि प्लग, वायर, कॉइल बदलायला सुरुवात होते. आज तो विषय आपण पुन्हा उघडणार आहोत. त्यासाठी गाडी घेतलीय १९८९ साली बाजारात आलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर इंजिनाची. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर होती. तिची इंधनयंत्रणा इतकी सरळ आहे की प्रत्येक भागाचं काम गेजवर दिसतं.

टाकीतला पंप पेट्रोल ढकलतो, मागच्या चाकाजवळच्या फिल्टरमधून ते पुढे रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या इंजिनावरच्या पाइपमध्ये येतं. रेलच्या टोकाला रेग्युलेटर असतो. तो जास्तीचं पेट्रोल रिटर्न पाइपने टाकीत परत पाठवतो. पंप दाब ठरवत नाही, तो फक्त पुरवठा करतो. दाब ठरवतो रेग्युलेटर, किती पेट्रोल परत सोडायचं यावरून. या रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) एक बारीक व्हॅक्यूम नळी जोडलेली असते, आणि सगळी गंमत त्या नळीत आहे.

इंजेक्टरचं एक तोंड रेलमध्ये, दुसरं मॅनिफोल्डमध्ये. त्यातून किती पेट्रोल जाणार हे दोन्हीकडच्या दाबांतल्या फरकावर ठरतं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये साधारण ०.६ बार व्हॅक्यूम असतो, म्हणून रेग्युलेटर रेलचा दाब तेवढाच उतरवतो. गेजवर दिसतो साधारण २.३ बार. थ्रॉटल पूर्ण उघडलं की व्हॅक्यूम संपतो आणि गेज २.९ वर जातं. पंपाला जोर आला असं वाटतं, पण फरक दोन्ही वेळा २.९ च आहे. इंजेक्टरच्या लेखी काहीच बदललं नाही. कंपनीच्या मर्यादाही याच हिशेबाच्या: नळी लावलेली असताना २.१ ते २.६, काढल्यावर २.७ ते ३.२, ढोबळमानाने.

मोजायची पद्धत. आधी रेलमधला दाब उतरवा: इंजिन चालू ठेवून सर्किट ओपनिंग रिलेचा (पंपाला वीज देणाऱ्या रिलेचा) कनेक्टर काढायचा, इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, मग किल्ली बंद. इंजिन थंड हवं, अग्निशामक हाताशी हवा. रेलकडे जाणाऱ्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज लावायचं, क्लॅम्प इंजेक्शनच्या होजसाठीचे. मग इंजिनाशेजारच्या डायग्नॉस्टिक बॉक्समध्ये एफ/पी आणि जीएनडी ही दोन टर्मिनलं वायरने जोडून किल्ली ऑन केली की इंजिन न लावता पंप चालतो. आधी सगळे जोड कोरडे आहेत ना, ते बघा, मगच सेल्फ मारा.

इथे दोन ठिकाणी माणूस फसतो. एक, १.६ च्या गाडीत नुसती किल्ली ऑन केल्यावर पंप चालत नाही. सेल्फ मारताना चालतो, आणि पुढे एअरफ्लो मीटरची (आत येणारी हवा मोजणाऱ्या भागाची) झडप हलली की तिच्यातल्या स्विचमुळे चालू राहतो. आवाज आला नाही म्हणून पंप बदलू नका. याचाच दुसरा अर्थ असा की गाडी पटकन लागणं हे रेलमध्ये राहून गेलेल्या दाबावर अवलंबून आहे. पंप बंद केल्यावर पाच मिनिटांनी साधारण दीड बार तरी उरायला हवा. उरला नाही, तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे न जाऊ देणारी झडप), रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. रिटर्न होज चिमटली की दाब टिकतो? मग रेग्युलेटर. फीड होज चिमटली की टिकतो? मग टाकीच्या बाजूला शोधा.

दुसरी फसगत तापलेल्या इंजिनाची. गरम इंजिन लगेच पुन्हा लावलं तर एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) रेग्युलेटरचा व्हॅक्यूम थोडा वेळ तोडतो, म्हणजे दाब चढतो आणि रेलमध्ये वाफ धरत नाही. त्या वेळी आयडलला २.९ दिसणं हा बिघाड नव्हे. थोडं थांबून पुन्हा बघा. तरीही उतरला नाही तर नळी फाटली आहे किंवा रिटर्न चोंदलाय. नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोल दिसलं, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. गाडी काळा धूर सोडत असेल तर ही नळी आधी हुंगा.

आता आयडलचा आकडा फसवा का, ते. आयडलला इंजिन तासाला लिटरभर पेट्रोल पितं. पूर्ण थ्रॉटलला, या ११६ अश्वशक्तीच्या इंजिनाला, सुमारे ३५ लिटर लागतं. अर्धा चोंदलेला फिल्टरही आयडलला सहज पुरतो. तो उघडा पडतो ओझ्याखाली. म्हणून गेज वायपरखाली, काचेच्या बाहेर पक्कं बांधा (पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये कधीही आणायची नाही), बंदिस्त ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० पासून ६५०० पर्यंत पूर्ण थ्रॉटल द्या, आणि गेज शेजारच्या माणसाला वाचू द्या. काटा २.९ वर चढून तिथेच बसायला हवा. समजा, ६००० ला तो २.४ वर आला. प्रवाह फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे पेट्रोल सुमारे ९ टक्के कमी. १२.५ चं हवा-इंधन प्रमाण १३.७ वर जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रेलचा दाब मोजतच नाही, आणि पूर्ण थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरचंही ऐकत नाही. त्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

काटा पडला, तर आधी फिल्टर बदला, तो स्वस्त आहे. मग पंप चालू असताना त्याच्याच कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर दोष वायर, रिले किंवा अर्थिंगचा, आणि नवा पंपही तसाच रडेल. त्यानंतर रिटर्नचं पेट्रोल दहा सेकंद मापात धरा. २०० मिलिलिटरच्या खाली असेल तर टाकी उघडायची.

टाकीतही लगेच पंपाला दोष देऊ नका. पंपापासून झाकणापर्यंत बोटभर रबरी होज असते. ती चिरली की पेट्रोल आतल्या आत टाकीत परत पडतं, बाहेर एक थेंब दिसत नाही. बदलताना तिथे एसएई ३०आर१० दर्जाचीच होज हवी. नेहमीची आर९ होज बाहेरच्या जोडांसाठी चांगली, पण तिचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेलं नसतं.

पंप बदलायचाच झाला, तर ‘मोठा तो चांगला’ हा मोह टाळा. ताशी २५५ लिटरचा पंप मूळ रेग्युलेटरवर टाकला, तर त्या बारीक रिटर्नमधून सगळं पेट्रोल परत जाऊ शकत नाही, आणि आयडलला दाब चढलेला राहतो. टर्बो लावला असेल तर हिशेब वेगळा: ०.६ बार बूस्टला (टर्बोने मॅनिफोल्डमध्ये वाढवलेल्या दाबाला) रेलमध्ये ३.५ बार हवेत, आणि दाब वाढला की कोणत्याही पंपाचा पुरवठा घटतो. डब्यावरचा लिटरचा आकडा नव्हे, त्या दाबाला आणि १३.५ व्होल्टला तो किती देतो, तेवढंच बघायचं.

अमेरिकेत विकलेल्या १९९९ च्या दुसऱ्या पिढीला यातलं बरंचसं लावू नका. तिथे रिटर्न पाइप इंजिनपर्यंत येतच नाही, रेग्युलेटर टाकीत आहे आणि त्याला व्हॅक्यूमची नळी नाही. तिथे गेज आयडलला आणि पूर्ण थ्रॉटलला एकच आकडा दाखवतं, जवळपास ४ बार.