‘गंभीर शक्यता’ म्हणजे किती टक्के?

नमस्कार. गुप्तवार्ता विश्लेषकाला नेमके काय शिकवतात हे समजून घ्यायचे, तर मार्च १९५१ मधल्या एका वाक्यापासून सुरुवात करावी लागते. ‘या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होणे ही गंभीर शक्यता मानावी’, असा अंदाज अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने सरकारला दिला होता. तो तयार करणाऱ्यांत शर्मन केंट हे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक होते. परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठाने त्यांना विचारले, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, शंभरात पासष्ट. तो अधिकारी चपापला, कारण त्याने ती बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी सहकाऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हा कोणाच्या मनात २० टक्के निघाले तर कोणाच्या ८०, आणि या सगळ्यांनी त्याच वाक्याला संमती दिली होती.

‘बहुधा येईन’ म्हणणाऱ्याची वाट पाहायची की नाही, हे आपण त्याच्या स्वभावावरून ठरवतो. अहवाल वाचणाऱ्या मंत्र्याला मात्र लिहिणाऱ्याचा स्वभाव ठाऊक नसतो.

सीआयएने २००० मध्ये केंट यांच्याच नावाने विश्लेषकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. या क्षेत्रात शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती सीआयएमध्ये काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांची तक्त्याची पद्धत. वरच्या ओळीत सगळे पर्याय मांडायचे, डावीकडे पुरावे लिहायचे, आणि कोणता पुरावा कोणत्या पर्यायाच्या विरोधात जातो ते तपासायचे. समजा, सीमेवर रणगाडे जमले आहेत. ते सरावासाठीही येतात आणि हल्ल्यासाठीही, म्हणून या दोन्हींत निवड करायला ती बातमी एकटी उपयोगाची नाही; पण छावणीत रक्ताचा साठा पोहोचला असेल, तर सरावाच्या रकान्याशी थांबून विचार करावाच लागतो.

ही शिस्त ढळली की काय होते, ते २००२ मध्ये इराकबाबत दिसले. तिथल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी आहेत, असे बहुतेक अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी मानले. ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचे मत वेगळे होते, आणि त्या नळ्या अखेर रॉकेटसाठीच्या निघाल्या. पुढे २००७ मध्ये विश्लेषणाचे लेखी निकष आले. त्यांच्या २०१५ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक शब्दाला आकडा जोडलेला आहे: ‘संभाव्य’ म्हणजे ५५ ते ८० टक्के, ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे ९५ ते ९९. शिवाय घटना घडण्याची शक्यता आणि आपल्या निष्कर्षावरचा आपला विश्वास या दोन गोष्टी एकाच वाक्यात एकत्र लिहू नयेत, असेही त्यात बजावलेले आहे.