तुरुंग मोजणारी माणसं

मंडळी, तुरुंगावर बोलायचं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता अंधारकोठडीच्या आणि भिंतीवरून उड्या मारून पळालेल्या कैद्यांच्या गोष्टी ऐकायला मिळणार. तशी अपेक्षा ठेवून कुणी आलं असेल तर आधीच माफी मागतो. मी आज अमेरिकेतल्या तुरुंगांची आकडेमोड करणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे. त्यांचं कधी कुणी ऐकलं, कधी नाही, आणि कधी अर्धंच ऐकलं, त्याबद्दल.

सुरुवात एका फसलेल्या भाकितापासून करू. १९७३ साली आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि जॅकलिन कोहेन या गुन्हेगारीच्या अभ्यासकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेत लाखामागे साधारण ११० माणसं तुरुंगात असतात आणि कित्येक दशकं हा आकडा फारसा हललेला नाही, असं त्यांना दिसलं. त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला की समाज शिक्षेचं माप आपोआप एका पातळीवर राखतो. गुन्हे वाढले की बारीकसारीक गोष्टींकडे काणाडोळा होतो, गुन्हे घटले की त्याच गोष्टी डोळ्यांत खुपायला लागतात. सिद्धान्त देखणा होता. पण निबंधाची शाई वाळते न वाळते तोच आकडा चढू लागला आणि पस्तीसेक वर्षं चढतच राहिला. १९७२ साली राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास कैदी होते. २००९ पर्यंत ते पंधरा लाखांच्या वर गेले. त्यात स्थानिक जेलं मिळवली तर २००८ च्या सुमाराला तेवीस लाख. म्हणजे शंभर प्रौढांमागे एक जण आत.

ब्लमस्टीन मुळात गणिती वळणाचे, आपला अंदाज चुकला म्हणून रुसून बसणारे नव्हते. पुढे अॅलन बेक यांच्याबरोबर त्यांनी १९८० ते १९९६ या काळातली वाढ उलगडून पाहिली. गुन्हे वाढल्यामुळे झालेली वाढ निघाली फक्त १२ टक्के. उरलेली ८८ टक्के शिक्षेच्या धोरणामुळे होती. ज्याला पूर्वी समज देऊन सोडलं असतं त्याला आत टाकणं, आणि आत गेलेल्याला जास्त दिवस ठेवणं. उदाहरण सांगतो. १९८६ च्या कायद्यानं ५ ग्रॅम क्रॅक, म्हणजे खडे करून ओढायचं कोकेन, विकण्यासाठी बाळगणाऱ्याला किमान पाच वर्षं ठेवली. तेवढीच शिक्षा व्हायला भुकटीचं कोकेन ५०० ग्रॅम लागायचं. द्रव्य तेच, शंभरपट फरक. क्रॅक प्रकरणी पकडले जात ते बहुतेक कृष्णवर्णीय. २०१० मध्ये हे प्रमाण अठरापटीवर आणलं. एकास एक का नाही, असं विचाराल तर त्याचं उत्तर गणितात नाही, संसदेतल्या घासाघिशीत आहे.

आता दुसरी गोष्ट, अर्धं ऐकण्याची. रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर २३१ अभ्यास चाळले. कैद्यांना सुधारण्याचे जे उपक्रम चालतात, त्यांनी माणूस पुन्हा गुन्हा करायचा थांबतो का, हा प्रश्न. १९७४ साली त्यांनी लिहिलं की तुरळक अपवाद सोडले तर ठळक परिणाम दिसत नाही. लेखाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं. लोकांनी ते पुसलं आणि ‘कशाचाच उपयोग होत नाही’ एवढंच उचललं. गंमत अशी की मार्टिन्सन स्वतः तुरुंगाचे चाहते नव्हते. सुधारणेच्या नावाखाली माणसाला अनिश्चित काळ डांबून ठेवतात, हा त्यांचा राग. कठोर शिक्षावाल्यांनी मात्र अर्थ काढला, सुधारत नाहीत ना, मग नुसतं डांबा. १९७९ साली मार्टिन्सन यांनी दुसरा लेख लिहून आधीचं विधान बरंचसं मागे घेतलं. काही उपक्रम लागू पडतात, असं स्वच्छ म्हटलं. हा दुसरा लेख फारसा कुणी वाचला नाही. त्याच वर्षी ते गेले.

इथे शब्दांचा एक घोळ मिटवतो. आपण मराठीत सगळ्याला तुरुंग म्हणतो. अमेरिकेत ‘प्रिझन’ म्हणजे शिक्षा झालेल्यांचं, बहुधा वर्षाहून जास्त शिक्षेचं ठिकाण. ‘जेल’ म्हणजे काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या एककाचं. जेलात कुठल्याही दिवशी साडेसहा लाखांच्या आसपास माणसं असतात आणि त्यातल्या सुमारे सत्तर टक्के लोकांवर गुन्हा शाबित झालेला नसतो. आपल्या भाषेत, कच्चे कैदी. वर्षभरात जेलाचं दार आत जाण्यासाठी सत्तर लाखांहून अधिक वेळा उघडतं. या कच्च्या कैद्यांवर झालेलं काम मला सगळ्यात जास्त भावतं, म्हणून तिथे थोडा रेंगाळतो.

१९६१ साल, न्यूयॉर्क. लुई श्वाइत्झर नावाचे रसायन अभियंता असलेले उद्योगपती. जामिनाचे पैसे नाहीत एवढ्याच कारणानं पोरं महिनोन्‌महिने आत बसतात, हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी हर्बर्ट स्टर्झ या तरुण पत्रकाराला हाताशी धरलं आणि आईच्या नावानं ‘व्हेरा’ ही संस्था काढली. दोघेही वकील नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. वकिलाला जामीन ही नित्याची बाब वाटते. या दोघांना ती चमत्कारिक वाटली.

त्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना मॅनहॅटनच्या कोर्टात पाठवलं. विद्यार्थी आरोपीला साधे प्रश्न विचारत. कुठे राहतोस, किती वर्षं, घरी कोण, नोकरी आहे का. उत्तरांची खातरजमा करून गुण देत, आणि पुरेसे गुण मिळाले की न्यायाधीशांना शिफारस करत की याला पैसे न घेता, जातमुचलक्यावर सोडा. तीन वर्षांत असे साडेतीन हजार लोक सुटले. तारखेला जाणूनबुजून न आलेले निघाले १.६ टक्के. पैसा माणसाला कोर्टात परत आणतो, या समजुतीचा पाया एका प्रश्नावलीनं हलवला. १९६६ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी संघराज्याच्या जामीन सुधारणा कायद्यावर सही केली.

याचा आपल्याशी संबंध काय? आहे, आणि सरळ आहे. १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते खोडून काढलं. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात, बिहारमधल्या कच्च्या कैद्यांबद्दल लिहिताना, न्यायमूर्ती भगवती यांनी मॅनहॅटनच्या त्या प्रयोगाचा नाव घेऊन दाखला दिला. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांनी भरलेले तक्ते अठरा वर्षांत दिल्लीच्या निकालपत्रात पोचले. आपल्याकडे आजही दर चार कैद्यांतले तीन कच्चे आहेत, ते का, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

अमेरिकेतही तो विजय टिकला नाही. कायदा संघराज्याचा, आणि बहुतेक खटले चालतात राज्यांत. तिथे पैशाचा जामीन टिकला, वाढला. सोबत जामिनाची दुकानं. ठरलेल्या रकमेच्या दहा टक्के द्या, दुकानदार हमी घेतो, आणि ते दहा टक्के खटला सुटला तरी परत मिळत नाहीत.

मग २०१७ साली पॉल हीटन, सँड्रा मेसन आणि मेगन स्टीव्हनसन या संशोधकांनी ह्यूस्टन शहर ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीचे किरकोळ गुन्ह्यांचे पावणेचार लाखांहून जास्त खटले तपासले. अडचण अशी की आत राहणारे आणि सुटणारे मुळातच वेगळे असू शकतात, मग तुलना कशी करायची? त्यांनी वार पाहिला. हो, वार! आठवड्याच्या शेवटाकडे, पगार हातात येण्याच्या सुमाराला ज्याचा जामीन ठरतो, त्याच्या घरचे पैसे उभे करू शकतात. आठवड्याच्या मधल्या वारी पकडला गेलेला तसाच माणूस आत राहतो. गुन्हा सारखा, फरक वाराचा. हाती लागलं ते असं: आत राहिलेल्यांनी गुन्हा कबूल करण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी जास्त. कबूल केलं की घरी जाता येतं, नोकरी वाचते, मग कोण लढतो? आणि पुढच्या दीड वर्षात त्यांच्यावर नवे गंभीर गुन्हे दाखल होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी अधिक. सुरक्षेसाठी म्हणून आत ठेवलं आणि झालं भलतंच. त्याच वर्षी संघराज्याच्या न्यायाधीश ली रोझेंथाल यांनी काउंटीची ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉयनं पैशाचा जामीन पूर्णच काढून टाकला.

सुटल्यावर काय होतं, ते समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात पाहिलं. चार तरुण, दोन गोरे, दोन कृष्णवर्णीय, शिक्षण-अनुभव कागदावर सारखा. आळीपाळीनं एकानं सांगायचं की मी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात होतो. ३५० ठिकाणी अर्ज केले. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं, नोंद असलेल्याला १७. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४, नोंद असलेल्याला ५. १७ आणि १४ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तुरुंगवास भोगून आलेला गोरा निष्कलंक कृष्णवर्णीयाच्या पुढे. पेजर २०१८ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी गेल्या.

सुधारणावाल्यांचीही एक गैरसोय सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. अमली पदार्थवाल्यांना सोडलं की तुरुंग रिकामे होतील, हे भाषणात छान वाटतं. पण राज्यांच्या तुरुंगांत निम्म्याहून अधिक लोक हिंसक गुन्ह्यांसाठी आहेत. कायद्याचे प्राध्यापक जॉन फाफ हे वर्षानुवर्षं ओरडून सांगतात, आणि ते सरकारी वकिलांकडे बोट दाखवतात, ज्यांच्याबद्दल आकडेवारीच फार थोडी ठेवली जाते. शिवाय शिक्षेचं फळ काय? २०२१ साली ११६ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर कोठडीनं पुन्हा गुन्हा करणं कमी होत नाही, झालंच तर किंचित वाढतं असं दिसलं. मात्र नॉर्वेत अशाच एका अभ्यासात तुरुंगवासानंतर गुन्हे घटले, विशेषतः आधी बेकार असलेल्यांचे. कारण तिथे आत कामाचं शिक्षण मिळतं. म्हणजे मार्टिन्सनचं प्रश्नचिन्ह जागेवरच आहे, उत्तर भिंतीच्या आत काय चालतं त्यावर आहे.

अमेरिकेत कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी पेल अनुदान मिळायचं. १९९४ च्या गुन्हेविषयक कायद्यानं ते बंद केलं. २०१३ मध्ये रँड या संशोधन संस्थेनं दाखवलं की आत शिकलेल्यांची पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी असते. अनुदान पूर्ववत सुरू झालं जुलै २०२३ मध्ये. त्या अभ्यासानंतर दहा वर्षांनी, मार्टिन्सनच्या न वाचलेल्या लेखानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

तुमचे प्रश्न घेऊ. माईक मागच्या रांगेत आधी द्या, पुढचे नेहमीच बोलतात.