थ्रॉटल पुढे केल्यानंतरचे सेकंद

मंडळी, आजचा विषय 'जुन्या जेट ट्रेनरचं ॲड-ऑन पारखावं कसं' असा जाहीर झालाय. म्हणजे शिकाऊ वैमानिकांसाठीच्या जुन्या जेट विमानाची, आपल्या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये वेगळी जोडायची प्रतिकृती. त्याकडे येतोच. पण आधी टॅक्सीवेवरची, म्हणजे रनवेकडे नेणाऱ्या रस्त्यावरची, एक गोष्ट सांगू द्या. ती ऐकल्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

ॲड-ऑन लॉकहीड टी-33 चं. हे विमान इथं बहुतेकांच्या ओळखीचं आहे. एफ-80 शूटिंग स्टार हे लढाऊ विमान घेतलं, त्याचं धड साधारण 3 फुटांनी लांबवलं, मागे दुसरी सीट बसवली आणि 22 मार्च 1948 ला ते पहिल्यांदा उडालं. कॅनडा आणि जपानमध्ये बनलेली धरून साडेसहा हजारांहून जास्त विमानं निघाली. कॅनडावाल्यांनी तर इंजिनच बदललं, रोल्स-रॉइसचं नीन घातलं. त्यावर मी तासभर बोलू शकतो, पण आज नको.

तर इंजिन सुरू झालं, विमान सरकलं, वळण आलं. मी डावं पेडल दाबलं. विमान सरळ. आणखी दाबलं. विमान सरळच, थेट गवतात. ॲड-ऑन बिघडलेलं आहे असं वाटून मी अर्धा तास सेटिंग्ज उलटीपालटी केली. मग मॅन्युअल उघडलं. टी-33 चं नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, पेडलला जोडलेलंच नसतं! ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं ते मोकळं फिरतं. वळायचं तर एकाच बाजूचा ब्रेक लावायचा. माझा ब्रेक होता एका बटणावर, म्हणजे दोन्ही चाकं एकदम धरली जायची. तुमच्यापैकी कितीजणांचा अजून तसाच आहे? हात वर करा. बघा, निम्मी खोली!

दोन्ही टो-ब्रेकना, म्हणजे पेडलवर चवड्याने दाबायच्या ब्रेकना, सेटिंग्जमध्ये वेगळे अक्ष दिले आणि विमान बोलायला लागलं. डाव्या पायाच्या चवड्याने हलकेच दाबायचं, नाक वळायला लागलं की लगेच सोडायचं. तरी ते वळतच राहतं, म्हणून उजवीकडून त्याच्या निम्मं दाबायचं. अगदी कमी वेगात जास्त वळवलंत तर चाक आडवं होऊन अडकतं. खऱ्या टी-33 ची ही खोड वैमानिकांना चांगली ठाऊक होती. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या पॉवरचा दांडा, वाढवून, ब्रेक दाबून-सोडून, नाक उसळवून चाक सरळ करून घ्यावं लागे. ॲड-ऑनमध्येही चाक तसंच अडकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. कुणीतरी या चाकासाठी रात्री जागवल्या होत्या. आणि परीक्षणं वाचाल तर रिव्हेट मोजलेले असतात, सीटच्या कापडाचा पोत वर्णिलेला असतो, चाकाबद्दल एक ओळ नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, चार मिनिटं उरलीत. मुद्द्यावर येतो.

खरी परीक्षा इंजिनाची. टी-33 च्या ॲलिसन जे-33 इंजिनात हवा दाबणारा सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर आहे, म्हणजे एक मोठी जड चकती गरगरते. तिला वेग घ्यायला वेळ लागतो. थ्रॉटल झटक्यात पुढे ढकललात तर इंधन आधी पोचतं, हवा मागून येते. तापमान भडकतं, नाहीतर ज्योतच विझते. शिवाय पंख्याच्या विमानात पॉवर वाढवली की पंख्याची हवा पंखांवरून वाहते आणि तेवढ्यावरही विमान सावरतं. जेटला तो आधार नाही. लँडिंगला येताना मी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, पार खाली नेले, वेग घसरला, थ्रॉटल पुढे केला. काटा रेंगाळत वर येत होता आणि रनवेच्या अलीकडची जमीन जवळ येत होती. म्हणून पोटाखालचा स्पीड ब्रेक, म्हणजे हवेला अडवणारी झडप, उघडा ठेवून आरपीएम चढे राखायचे आणि तसंच उतरायचं. ज्या ॲड-ऑनमध्ये हे सेकंद जाणवत नाहीत, ते माझ्या लेखी टी-33 नाही.

इंधनाकडेही बघा. दुसऱ्या महायुद्धात 40 विमानं पाडणारा अमेरिकन वैमानिक रिचर्ड बाँग 6 ऑगस्ट 1945 ला पी-80 मध्ये (एफ-80 चं आधीचं नाव) टेकऑफच्या वेळी इंधन पंप बंद पडल्याने मारला गेला. टी-33 त्याच घराण्यातली. पंपांचे स्विच निव्वळ शोभेचे असतील तर ॲड-ऑन अपुरं. पंखांच्या टोकांवरच्या टिप टँकमधून इंधन कमीजास्त उतरलं की एक पंख जड व्हायला हवा. स्टिक धरलेल्या हाताला तो कळतो. आवाज, रंग, काचेवरचे ओरखडे हे सगळं त्यानंतर.

वेळ संपली. पेडलं मागच्या टेबलावर जोडून ठेवलीत, विमान टॅक्सीवेवर उभं आहे. ज्यांनी मघाशी हात वर केला, ते आधी या.