६०० ट्रक आणि एक भाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

शस्त्रसंधीची बातमी आली की पाठोपाठ ट्रकचा आकडा येतो. १९ जानेवारी २०२५ ला गाझात शस्त्रसंधी लागू झाली तेव्हा ठरलं होतं, रोज ६०० ट्रक आत जातील, त्यांतले ५० इंधनाचे. निपाणीत, खानापुरात बसून ऐकताना वाटतं, चला, पोटाची सोय झाली. पण कोगनोळी नाक्यावर कागदांसाठी खोळंबलेल्या गाड्या आपण पाहिल्यात. नाक्यावर आलेला माल अजून चुलीपाशी आलेला नसतो.

हिशेब मांडू या. मदतकार्यात माणशी दिवसाला २१०० कॅलरी धरतात. म्हणजे साधारण ४५० ग्रॅम पीठ, ६० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम तेल, वर थोडी साखर आणि मीठ. सगळं मिळून ५६० ग्रॅम. २० टनांची गाडी जेमतेम ३५ हजार लोकांना एक दिवस पुरते. २० लाख लोकांना नुसत्या शिध्याच्याच रोज ५६ गाड्या लागतात. मग ६०० कशाला? पीठ कोणी कोरडं खात नाही म्हणून. मळायला पाणी, पाणी उपसायला डिझेल, भाजायला गॅस. शिवाय औषधं, तंबू, साबण. २ मार्च २०२५ ला सीमा बंद झाली आणि महिनाभरात जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने चालणाऱ्या २५च्या २५ बेकऱ्या पीठ आणि इंधनावाचून बंद पडल्या.

माल अडतो तो चढउतारात. इस्रायल आणि गाझाच्या सीमेवरच्या केरेम शालोम नाक्यावर एका बाजूची गाडी रिकामी होते, मालाची तपासणी होते, मग दुसऱ्या बाजूची गाडी तो भरून नेते. सुटी पोती असली तर हमालांचा दिवस तिथेच जातो, म्हणून माल फळ्यांवर रचून, घट्ट गुंडाळूनच पाठवावा. एका गाडीत एकाच जातीचा माल बरा. औषधांच्या खोक्यांत जनरेटरचा एखादा भाग निघाला, तर त्यापायी औषधंही अडकतात.

पुढे वाटप. पहिले दोन-चार दिवस वाटेतच गाड्यांवर झुंबड उडते, कारण उद्या गाडी येईल यावर कुणाचा भरवसा नसतो. बंदोबस्त वाढवून हे फारसं थांबत नाही. माल रोज येऊ लागला की गर्दी आपोआप ओसरते. वाटपाची ठिकाणं लहान आणि पुष्कळ ठेवावीत, पुढच्या खेपेची तारीख आधी सांगावी.

आणि फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट जेवण घालू नये. रक्तातले क्षार झपाट्याने उतरतात, हृदय दगा देतं. अतिकुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याच्या लगद्याची ९२ ग्रॅमची पाकिटं असतात, प्रत्येकी ५०० कॅलरींची. शिजवायला नको, पाणी मिसळायला नको. प्यायच्या पाण्यासाठी ६७ मिलिग्रॅमची क्लोरीनची गोळी २० लिटरला एक, आणि अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्यायचं, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

२०१९ च्या महापुरात आपल्याकडे जुन्या कपड्यांचे ढीग साचले होते, आठवत असेल. गाझासाठी काही द्यावंसं वाटलं तर कपडे बांधू नका, पैसे द्या. डिझेल आणि पीठ गाझाजवळच्या बाजारात घेता येतं, आणि तुमच्या गाठोड्याला नाक्यावर जागा अडवावी लागत नाही.